मागील अंगणात कुत्र्यांसाठी कृत्रिम गवत : काळ्या मातीवर पाया कसा घ्यावा, वास आणि ऊन यांचे काय?

प्रश्न : रोहाउस_पाथर्डीफाटा

नमस्कार. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या मागे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद असे मोकळे अंगण आहे. एक लॅब्रॅडॉर मादी आणि एक गावठी नर अशी आमची दोन कुत्री दिवसाचा बराच वेळ तिथेच असतात. जमीन निव्वळ काळी माती आहे. जून ते सप्टेंबर तिथे चिखल असतो आणि तो आठ पायांनी थेट बैठकीच्या खोलीपर्यंत येतो. मार्चनंतर त्याच जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. लॉन लावून पाहिले, परंतु मादीच्या लघवीने त्यात पिवळे गोल चट्टे पडले आणि कुंपणाच्या कडेने दोघांच्या धावण्याने पायवाट तयार झाली.

म्हणून आता कृत्रिम गवताचा विचार चालू आहे. दोन ठेकेदारांशी बोलणे झाले. पहिल्याचे म्हणणे असे की माती सपाट करून त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे तण येत नाही, आणि त्यावर चाळीस मिलिमीटरचे गवत टाकायचे. काम एका दिवसात होते. दुसऱ्याच्या मते आधी पीसीसी (साधे सिमेंट काँक्रीट) केल्याशिवाय काहीच करू नये. दोघांच्या दरांत मोठे अंतर आहे, आणि कोणाचे ऐकावे हे आमच्यासारख्या अजाण माणसाला ठरवता येत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. काळ्या मातीवर पाया नेमका कसा असावा? दोन कुत्र्यांच्या लघवीचा वास काही महिन्यांनी असह्य होतो असे ऐकतो, ते टाळता येते का? अंगण पश्चिमेकडे उघडे आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या आसपास जातो, तेव्हा हे गवत किती तापते? उन्हाळ्यात पाणी मोजकेच येत असल्यामुळे रोज अंगण धुणे आम्हाला शक्य होणार नाही, हेही लक्षात घ्यावे. ज्यांनी हे काम केले किंवा करवून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

उत्तर : ढाळ_आणि_निचरा

मी इमारतींच्या बाहेरील कामे करतो, म्हणजे फरसबंदी, पावसाळी गटारे, बागांचे रस्ते इत्यादी. गवत कोणते घ्यावे याची चौकशी लोक फार करतात आणि त्याच्या खाली काय घालायचे हे ठेकेदारावर सोडून देतात. वास्तविक कुत्र्यांसाठी केलेले अंगण बिघडते ते बहुतेक वेळा खालून.

पहिल्या ठेकेदाराचा प्लॅस्टिकचा कागद कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नका. कृत्रिम गवताच्या पाठीला लेटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो आणि पाणी जाण्यासाठी त्याला ठरावीक अंतरावर छिद्रे पाडलेली असतात. त्या छिद्रांतून उतरलेली लघवी खाली प्लॅस्टिकवर साचून राहिली, तर ती तिथेच कुजेल, आणि वरून कितीही पाणी मारले तरी ते त्याच डबक्यात भर घालेल. तणासाठी काही अंथरायचेच असेल तर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाईलचे कापड अंथरावे.

आता काळ्या मातीविषयी. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. त्यातली चिकणमाती त्याच प्रकारची आहे, आणि आपल्याकडे भिंतींना तडे जाण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. शिवाय ओली झाल्यावर ती पाणी जवळजवळ मुरूच देत नाही. म्हणून नुसती खडी टाकून भागत नाही, कारण खडीतून उतरलेले पाणी मातीवर येऊन थांबते, आणि हळूहळू चिखल खडीच्या फटींत वर चढतो. मी पुढीलप्रमाणे थर घेतो. साधारण दहा इंच माती काढायची. तळाशी जिओटेक्स्टाईल, त्यावर चार इंच मुरूम, पाणी मारून आणि यंत्राने दाबून. उताराचा ढाळ या मुरुमालाच द्यायचा, वरच्या थराला देऊन उपयोग नाही. दाबलेला मुरूम पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे वरून आलेले पाणी त्याच्या पाठीवरून वाहत खालच्या कडेला जाते. तुमच्या वीस फूट लांबीला ऐंशीला एक या प्रमाणात तीन इंचांचा ढाळ पुरेसा होईल; डोळ्याला तो जाणवतही नाही. मुरुमावर चार इंच वीस मिलिमीटरची चाळलेली खडी, आणि तिच्यावर दीड इंच ग्रिट, म्हणजे बारीक खडी.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. माणसांसाठी गवत टाकताना सर्वांत वर कच (दगडाचा भुकटीसकट चुरा) पसरून तो गुळगुळीत दाबतात, कारण त्यावर गवत छान बसते. कुत्र्यांसाठी मात्र कच टाळावा. त्यातली भुकटी लघवी धरून ठेवते आणि काही महिन्यांत ओल्या सिमेंटसारखी घट्ट बसून निचरा बंद करते. भुकटी नसलेली, धुतलेली ग्रिट घ्यावी. पृष्ठभाग किंचित खडबडीत राहिला तरी तीस मिलिमीटर गवताखाली तो कळत नाही.

ढाळाच्या खालच्या कडेला छिद्रे पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाईलमध्ये गुंडाळून खडीत पुरावा आणि तो पावसाळी पाण्याच्या चेंबरला जोडावा. अर्थात त्यामुळे विष्ठा पाण्याने ढकलून देण्याची सोय उरत नाही. ती उचललीच पाहिजे, कारण पावसाळी नाल्यांतले पाणी शेवटी गोदावरीच्याच पात्रात जाते.

पीसीसीला माझा विरोध नाही, परंतु काळ्या मातीवर मुरुमाचा भराव न करता केलेला पीसीसी दोन-तीन पावसाळ्यांत फुटतो, आणि तडे पडले की लघवी त्यांतच जाऊन बसते. करायचाच असेल तर खाली मुरूम, वर व्यवस्थित ढाळ, आणि गवत व काँक्रीट यांच्यामध्ये उंचवटे असलेली ड्रेनेज मॅट घालावी, म्हणजे पाणी अडणार नाही. तुमच्या अंगणासाठी खडीचा पाया स्वस्तही पडेल आणि उन्हाळ्यात काँक्रीटएवढी उष्णताही साठवणार नाही.

साहित्याचा हिशेब सोपा आहे. तीनशे चौरस फुटांवर चार इंच म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. दाबल्यावर थर बसतो, म्हणून मुरूम सव्वा ब्रास मागवावा. खडी एक ब्रासहून थोडी अधिक आणि ग्रिट अर्धा ब्रास लागेल. काढलेली माती अडीच ब्रास भरेल आणि सुटी झाल्यावर आणखी फुगेल. ती उचलून नेण्याचा खर्च कोणाकडे, हे आधी ठरवावे. भांडणे तिथेच होतात. शक्य असल्यास मे महिन्यात खडीपर्यंतचे काम उरकून एक पाऊस तिच्यावर जाऊ द्यावा, म्हणजे कुठे बसते, कुठे पाणी थांबते ते उघड होईल. गवत त्यानंतर उघडीप पाहून अंथरावे.

गवताबद्दल थोडक्यात : धागा पॉलिइथिलीनचा, उंची पंचवीस ते पस्तीस मिलिमीटर. त्याहून लांब गवत दिसायला भरगच्च असते, पण त्यात विष्ठा अडकते. चाळीसचा आग्रह धरू नका.

---

उत्तर : श्वानवैद्य_नाशिकरोड

वरील उत्तरातील निचऱ्याविषयीचे विवेचन योग्य आहे. मी पशुवैद्यकाच्या नजरेने उन्हापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमच्या पश्चिमाभिमुख अंगणात हीच सर्वांत गंभीर बाब आहे.

खरे गवत पानांतून पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवते. प्लॅस्टिकला तसे काहीच करता येत नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या कृत्रिम मैदानावर २००२ साली मोजमापे घेण्यात आली. हवेचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असताना त्या मैदानाच्या पृष्ठभागाचे तापमान ९३ अंशांपर्यंत गेलेले आढळले. त्यांनी पाणी मारूनही पाहिले : ७९ अंशांवरचा पृष्ठभाग २९ अंशांवर उतरला, पण पाच मिनिटांत तो पुन्हा ४९ अंशांवर आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर पोहोचला. त्या मैदानात काळे रबरी दाणे भरलेले होते, त्यामुळे घरगुती अंगणात आकडे थोडे कमी असू शकतील. तरीही साठ अंशांच्या पृष्ठभागावरही पंजाची कातडी भाजते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी नळीने पाणी मारून अंगण थंड ठेवू, ही कल्पना पाण्याचा अपव्यय ठरेल. ज्यांच्याकडे पाणी मोजकेच येते, त्यांनी तर या मार्गाला जाऊच नये.

उपाय सावलीचा आहे, आणि त्याचे साहित्य मिळवणे नाशिकमध्ये मुळीच कठीण नाही. द्राक्षबागा आणि रोपवाटिकांमुळे शेडनेट, तारा, जीआय पाइप आणि ते बांधणारे कारागीर येथे सहज मिळतात. परंतु अंगण पश्चिमेकडे उघडे असल्यामुळे वर छतासारखी जाळी बांधून पुरणार नाही. दुपारी तीननंतरचे ऊन तिरके, जाळीच्या खालून आत येते आणि तीच वेळ सर्वांत तापलेली असते. पश्चिमेच्या बाजूने उभी जाळीही लागेल, किंवा दाट पानांची वेल चढवावी. पंचाहत्तर टक्के सावलीची जाळी मार्चमध्ये बांधून पाऊस सुरू होताच काढून ठेवावी, कारण पावसाळ्यात त्याच सावलीमुळे गवत वाळत नाही आणि शेवाळ धरते.

जाळी असली तरी दुपारी कुत्र्यांना बाहेर सोडण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू गवतावर टेकवून सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला ठेववत नसेल तर त्यांनाही ते सोसणार नाही. लॅब्रॅडॉरबाबत विशेष काळजी घ्या. ही जात घरी सहसा लठ्ठ होते, अंगावर दुहेरी केस असतात, आणि खेळाच्या नादात ती स्वतःहून थांबत नाही. कुत्र्याला शरीर थंड ठेवण्यासाठी धापण्यावाचून फारसा मार्ग नसतो. तुमचा गावठी नर दुपारी आपणहून भिंतीच्या सावलीला जाऊन पडेल. मादी चेंडू टाकला तर पळत राहील.

आता वासाविषयी. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो आपल्या नाकाला झोंबतो. हे विघटन होण्याआधी थोडे पाणी पडले तर वास तयारच होत नाही. दोन दिवसांनी भरपूर पाणी ओतण्यापेक्षा त्याच संध्याकाळी त्या जागेवर तांब्या-दोन तांबे ओतणे अधिक गुणकारी असते. मादी एकाच भागात बसते, नर भिंतीच्या किंवा खांबाच्या बुडाशी पाय वर करतो. जागा ठरलेल्या असतात. सगळे अंगण रोज धुण्याची गरज नाही. त्या ठरावीक जागा ओळखून तेवढ्याच भिजवाव्यात. पावसाळ्याचे चार महिने हे काम आभाळच करते, मुख्य प्रश्न नोव्हेंबर ते मे या काळाचा असतो.

गवताच्या धाग्यांत साधी सिलिका वाळू भरण्याऐवजी झिओलाइटचे दाणे भरणे हितावह आहे. हे खनिज अमोनियाचे आयन आपल्या रचनेत पकडून ठेवते, आणि मिठाच्या पाण्याने धुतले असता ते सोडून पुन्हा कामाला लागते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी दख्खनच्या काळ्या पाषाणातील स्फटिक पाहिले असतील, त्यांना झिओलाइटच्या घराण्याची ओळख आहेच. बाजारात भरावासाठी मिळणारे बहुधा क्लिनोप्टिलोलाइट असते, ते मात्र काचेच्या कपाटात ठेवण्यासारखे दिसत नाही. दाणे टाकण्याआधी धुऊन घ्या, कारण त्यांची धूळ फार उडते.

स्वच्छतेच्या द्रव्यांबाबत दोन इशारे. फिनॉलयुक्त फिनाईल वापरू नये. ते पंजांना दाहक असते, कुत्री पंजे चाटतात, आणि घरात मांजर असेल तर धोका अधिकच. दुसरे, लघवी साचलेल्या जागेवर थेट ब्लीच ओतू नये. क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आल्यावर क्लोरामाइनची विषारी वाफ निघते. पार्व्होसारखा आजार घरात येऊन गेला असेल तेव्हा ब्लीच उपयोगी आहे, पण आधी विष्ठा उचलून, जागा पाण्याने धुऊन, मगच. एरवी एन्झाइमयुक्त द्रावण किंवा पाण्यात मिसळलेले पांढरे व्हिनेगर पुरते. जाता जाता : ‘युरिक ॲसिडचे स्फटिक फोडणारे’ अशी जाहिरात असलेल्या महागड्या बाटल्यांना भुलू नका. बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिडचे अलँटॉइन या पाण्यात सहज विरघळणाऱ्या द्रव्यात रूपांतर होऊनच ते बाहेर पडते. डाल्मेशियन ही जात त्याला प्रसिद्ध अपवाद आहे, आणि आपल्याकडे तर लॅब्रॅडॉर आहे.

गोचिडांविषयी तुम्ही विचारले नाही, पण लिहितो. कृत्रिम गवतामुळे गोचीड जातात असे विक्रेते सांगतात. आपल्याकडची तपकिरी गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, कोनाकोपऱ्यांत. गवताची सैल सुटलेली कड तिला आयतीच जागा देईल. कडा घट्ट बसवा, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, आणि कुत्र्यांचे गोचीडनाशक औषध चालू ठेवा. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात, म्हणून निचरा चांगला झाला तर त्याचाही धोका घटेल. लस दरवर्षी द्यावी लागतेच. घरात पिल्लू असते तर धागे चावून गिळण्याची आणि आतडे अडण्याची भीती मी विस्ताराने सांगितली असती. दोन मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत कडा उचकटल्या नाहीत तर ती फारशी नाही.

---

उत्तर : हरळीप्रेमी

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु कृत्रिम गवत घ्यावेच का, हा प्रश्न कोणीच विचारलेला दिसत नाही, म्हणून विरोधी बाजू मांडतो.

हे गवत काही वर्षांनी उन्हाने ठिसूळ होते, त्याचे धागे तुटून पाण्याबरोबर वाहून जातात, आणि जुने गवत काढल्यावर त्याचे पुढे काय करायचे याला चांगले उत्तर नाही. धागा एका प्लॅस्टिकचा, पाठ दुसऱ्याची, त्यावर डिंक आणि वाळू, त्यामुळे पुनर्वापर कठीण होतो. युरोपीय संघाने २०२३ साली सूक्ष्मप्लॅस्टिकवर निर्बंध आणले, आणि मैदानांत भरण्यात येणाऱ्या रबरी दाण्यांच्या विक्रीला २०३१ पर्यंतचीच मुदत ठेवली. आपल्याकडे टायरांपासून केलेले तेच दाणे अजून आग्रहाने विकले जातात. घरच्या अंगणात ते मुळीच घेऊ नयेत. ते तापतात, पंजांना चिकटतात आणि पोटात जातात. न्यू जर्सीत २००८ साली नायलॉन धाग्यांच्या काही जुन्या मैदानांत शिसे आढळले होते. ते रंगद्रव्यातून आलेले होते. पॉलिइथिलीनच्या गवतात तसा प्रकार आढळला नव्हता, तरी विक्रेत्याकडे शिशाच्या तपासणीचा अहवाल मागण्यात काय हरकत आहे? जो देणार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्नकर्त्यांच्या लॉनबद्दलही थोडे. त्यांनी कोणते गवत लावले ते लिहिलेले नाही, पण रोपवाटिकेतून आणलेल्या नाजूक जाती कुत्र्यांसमोर टिकत नाहीत. हरळी टिकते. तिला दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे, जे या अंगणात मुबलक आहे. ती जमिनीलगत धावणाऱ्या खोडांनी पसरते, त्यामुळे उघडी पडलेली जागा पुन्हा भरून काढते. लघवीचे चट्टे नत्र आणि क्षार एकाच ठिकाणी जास्त झाल्यामुळे पडतात. चट्ट्याच्या कडेला गवत जास्तच हिरवेगार दिसते, ते त्याच नत्रामुळे. वर डॉक्टरांनी सांगितलेले तांब्याभर पाणी येथेही तेच काम करते. शिवाय कुत्री हरळी खातात, आणि प्लॅस्टिक खाण्यापेक्षा ती खाल्लेली बरी.

दोन कुत्र्यांच्या धावपट्टीवर हरळीही उगवणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून माझी सूचना अशी की कुंपणाच्या कडेने दीड-दोन फूट खडबडीत शहाबादी फरशी, आणि मधल्या भागाचे तात्पुरती जाळी लावून दोन हिस्से. एका हिश्श्यात कुत्री, दुसऱ्यात हरळीला विश्रांती. चिखलाचा प्रश्न याने पूर्ण मिटत नाही, तेवढे खरे.

---

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : रोहाउस_पाथर्डीफाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हरळीप्रेमी यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, आणि आमचे गवत नाजूक जातीचेच होते. परंतु घरात वयस्क आई आहेत, त्या चिखलावरून घसरण्याची भीती आम्हाला सर्वांत जास्त वाटते. त्यामुळे मधला भाग पावसाळ्यात कोरडा राहणे आवश्यक आहे. प्लॅस्टिकचा कागद सुचवणाऱ्या ठेकेदाराला नकार कळवला आहे. रबरी दाणे घेणार नाही.

ढाळ आणि निचरा यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पावसाळी चेंबर अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे आणि पश्चिमेला कंपाउंडची भिंत, म्हणजे ढाळ भिंतीपासून घराकडे येईल. हे चालेल का? अंगणाची लांबी उत्तर-दक्षिण आहे. दुसरे, गवताची गुंडाळी दोन मीटर रुंदीची येते असे विक्रेता सांगतो. पंधरा फुटांच्या रुंदीसाठी तीन पट्ट्या घ्याव्या लागतील आणि तिसरीचा बराचसा भाग कापून फेकावा लागेल. यावर काही मार्ग आहे का? आमची मादी कोपरे उकरते, हेही सांगून ठेवतो.

---

उत्तर : ढाळ_आणि_निचरा

ढाळ घराच्या भिंतीकडे आणू नये. तुमची लांबी उत्तर-दक्षिण असल्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे ढाळ द्या, म्हणजे पाणी भिंतीला समांतर वाहील; मग उत्तरेच्या कडेला पुरलेला पाइप पश्चिमेकडून पूर्वेकडे थोडा उतरवत ईशान्येच्या चेंबरमध्ये सोडा. घराच्या बाजूची कड वीटबांधकामाने दोन इंच उंच ठेवली तर जोराच्या पावसातही पाणी जोत्याला लागणार नाही. चेंबरच्या तळाची पातळी मात्र आधी मोजून घ्या. पाइप त्या पातळीपेक्षा वर राहिला पाहिजे, नाहीतर पावसात चेंबर भरला की पाणी उलटे तुमच्याच खडीत येईल.

पट्ट्यांचा हिशेब असा. दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. तीन पट्ट्यांत तुम्ही तीनशे नव्वद चौरस फुटांचे पैसे द्याल आणि नव्वद फेकाल. त्याऐवजी दोनच पट्ट्या घ्या. तेरा फूट रुंद आणि वीस फूट लांब एवढा भाग गवताचा करा, आणि पश्चिमेच्या भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा मोकळा सोडा. खालचे थर तिथेही तसेच राहतील, फक्त वर गवताऐवजी गोलसर गोटे. डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणे नर भिंतीच्या बुडाशीच पाय वर करणार. ती लघवी गवतावर येण्याऐवजी गोट्यांतून सरळ खाली उतरेल, आणि तेवढा पट्टा धुणे सोपे जाईल. गोटे तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे घ्यावेत. पश्चिमेच्या उभ्या शेडनेटचे खांबही याच पट्ट्यात बसवता येतील, म्हणजे गवताला भोके पाडावी लागणार नाहीत. हरळीप्रेमी यांना थोडा दिलासा द्यायचा असेल तर या पट्ट्याच्या एका टोकाला कुंडीत हरळी लावा.

दोन पट्ट्यांमुळे सांधा एकच राहतो. तो ढाळाच्या दिशेने जाईल आणि दोन्ही पट्ट्यांच्या धाग्यांचा कल एकाच बाजूला असेल, हे स्वतः उभे राहून पाहा. एक पट्टी उलटी पडली तर अंगणात दोन वेगळ्या रंगांचे तुकडे दिसतात आणि नंतर दुरुस्ती होत नाही. सांध्याखाली रुंद टेप आणि त्यावर दोन भागांचा पॉलियुरेथेन डिंक लागतो. साध्या फेव्हिकॉलसारख्या डिंकाने काम उरकू देऊ नका, ओलाव्याने तो सुटतो. गुंडाळी उघडून काही तास उन्हात सैल पडू द्यावी, आणि कापणी-चिकटवणी ऊन उतरल्यावर करावी. प्लॅस्टिक तापल्यावर पसरते. भर दुपारी ताणून बसवलेले गवत डिसेंबरच्या थंडीत सांध्यावर ओढ देते, आणि आपल्याकडे उन्हाळा व हिवाळा यांत पाऱ्याचे अंतर लहान नसते.

उकरणाऱ्या मादीसाठी कडांना नुसते खिळे पुरणार नाहीत. चारही बाजूंनी विटांची किंवा कडाप्प्याची कड बांधून गवताची कड तिच्या आत दाबून चिकटवावी, आणि कोपऱ्यांत गवताखाली फूटभर रुंदीची गॅल्व्हनाइज्ड जाळी पसरून ती खडीत अडकवावी. नखे जाळीला लागली की कुत्रे सहसा तो नाद सोडते. खिळे वापरलेच तर सहा इंची गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि डोके धाग्यांच्या आत पूर्ण बुडेपर्यंत ठोका.

ठेकेदाराशी करार करताना दर एकगठ्ठा घेऊ नका. माती काढणे व उचलणे, मुरूम, खडी, ग्रिट, पाइप, गवत, झिओलाइट आणि कडांचे बांधकाम यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी त्यात नमूद असावी. गवत अंथरण्याआधी खडीवर दक्षिणेच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि चेंबरचे झाकण उघडून बघत उभे राहा. पाणी पाइपातून आले तरच पुढचा हप्ता द्या. आले नाही, तर पाणी कुठे थांबले ते खडी उकरून त्याच दिवशी शोधायला लावा.